तळ्याकाठचे घर कुणाकुणाचे?

रविवारचे वर्तमानपत्र उघडले की बातम्यांच्या आधी एक जाहिरात हाती येते. निळे पाणी, पाण्यामागे हिरवागार डोंगर, आणि पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या दोन आरामखुर्च्या. खुर्च्यांत कुणीही बसलेले नसते. ती जागा आपल्यासाठी मोकळी ठेवलेली असते. खाली ‘लेक व्ह्यू’, ‘वीकेंड होम’, ‘पुण्याहून अवघ्या तासाभरावर’ असा मजकूर असतो. किंमत बहुधा नसते, फोन नंबर मात्र ठळक असतो.

एके काळी आपल्याकडचा नोकरदार माणूस जन्मात एकच घर बांधायचा. तेही निवृत्तीच्या सुमारास, फंडाचे पैसे हाती आल्यावर. वास्तुशांत झाली की त्याला गंगेत न्हाल्यासारखे वाटायचे. आता नवराबायको दोघेही मिळवती असतात, शहरातल्या फ्लॅटचे हप्ते पन्नाशीच्या आत फिटतात, आणि मग ‘आता एक दुसरे घर’ हा विचार डोके वर काढतो. त्यात वावगे काही नाही. दिवसभर गाड्यांचे हॉर्न आणि रात्री शेजारच्या बांधकामाचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला पाण्याकाठच्या शांततेची ओढ वाटली तर त्याला कोण दोष देईल?

आमच्या घरात गेले वर्षभर हाच विषय चालू आहे. साताऱ्याचे वडिलोपार्जित घर आम्ही विकले, आणि ते पैसे आईच्या नावावर बँकेत आहेत. माझा थोरला भाऊ ठाण्याला असतो. त्याचे म्हणणे, “वाटून घेतले तर हे पैसे तीन घरांत जिरून जातील, कुठे गेले ते कळणारही नाही. त्यापेक्षा पवनेच्या काठी एक घर घेऊ. सगळ्यांचं.” धाकटा न्यू जर्सीला आहे. आपल्या मुलांना भारतात ‘आपली’ म्हणायला एक जागा असावी, एवढीच त्याची इच्छा. मी चिंचवडला राहते. पवना मला जवळ, म्हणून जागा पाहण्याचे, तलाठ्याकडे खेटे घालण्याचे आणि एजंटांची गोड बोलणी ऐकण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले.

या वर्षभरात जे पाहिले, वाचले आणि विचारून घेतले त्यावरून माझे एक मत झाले आहे. असे घर घ्यावे की न घ्यावे, याआधी एक वेगळाच प्रश्न कुटुंबाने स्वतःला विचारला पाहिजे: कुणाचे? पाणी कुणाचे, जमीन कुणाची, घर कुणाकुणाचे, आणि त्या घरातली सुट्टी कुणाची? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाल्याखेरीज बयाण्याचा एक रुपयाही देऊ नये.

पहिला प्रश्न पाण्याचा. जाहिरातीत ज्याला ‘लेक’ म्हटलेले असते ते आपल्याकडे बहुतेक वेळा तळे नसतेच. पश्चिम महाराष्ट्रात डोंगरांच्या कुशीत जे मोठमोठे जलाशय दिसतात ते धरणांचे आहेत. पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, भंडारदरा, तापोळ्याचा शिवसागर, सगळी धरणाची पाणी. निसर्गाने आपल्याला लोणारसारखे सरोवर दिले, पण त्याचे पाणी खारे. महाबळेश्वरचा वेण्णा तलावसुद्धा बांधलेलाच आहे. विदर्भात भंडारा-गोंदियाकडची जुनी मालगुजारी तळी आहेत, तीही माणसांनी शेतीसाठी खोदली आणि बांधली. तात्पर्य, आपल्याकडे मोठे पाणी दिसले की समजावे, कुणीतरी काहीतरी ठरवून ते अडवले आहे, आणि ते अडवताना कुणाला तरी उठवले आहे.

मुळशीचे पाणी अडवले जात होते तेव्हा मावळातले शेतकरी १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभे राहिले. तो सत्याग्रह आपण शाळेत चार ओळींत शिकलो. धरण झालेच. ते पाणी आजही भिऱ्याच्या वीजघराकडे जाते. कोयनेचे धरण साठच्या दशकात उभे राहिले, महाराष्ट्राच्या कारखान्यांत दिवे लागले, आणि कोयनाकाठची माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी कुठल्या कुठे जाऊन पडली. पवनेचे धरण सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे. त्याच्या विस्थापितांपैकी काहींचा पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षे झाली तरी सुटलेला नाही. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. मी कसे म्हणेन? माझ्या घरच्या नळाला तेच पाणी येते. पवनेतून ते नदीत सुटते, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते आणि शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोचते. चहाचे आधण ठेवताना मी ज्यांचे पाणी ठेवते, त्यांच्या गावाचे नाव मला माहीत नव्हते, एवढेच.

उन्हाळ्यात पवनेचे पाणी खाली गेले की वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ वर येते. उजनीच्या पाण्यातून पळसदेवचे देऊळ येते तसेच. गावची माणसे तेव्हा दर्शनाला जातात. आपण फोटो काढायला जातो. दोन्ही करायला हरकत नाही, पण काठावर घर घेणाऱ्याने आपल्या खिडकीसमोर नुसता देखावा नाही, कुणाची तरी पाणंद आणि कुणाचे तरी खळे आहे हे जाणून असावे.

यातच एक व्यवहाराची गोष्टही आहे. धरणाचे पाणी आपल्या सोयीने राहत नाही. पावसाळ्यात भरते, पुढे पिण्यासाठी, शेतीसाठी, विजेसाठी सोडले जाते, आणि मे महिन्यात, म्हणजे नेमकी मुलांना सुट्टी असते तेव्हा, ते तळाकडे गेलेले असते. जाहिरातीतला फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरातला असतो. मेमध्ये त्याच खुर्च्यांत बसले तर समोर तडे गेलेला गाळ आणि दूर कुठेतरी पाण्याची रेघ दिसते. म्हणून माझा पहिला सल्ला साधा आहे. जागा बघायची तर दोनदा बघावी: एकदा भर मेमध्ये आणि एकदा भर जुलैमध्ये. मेमध्ये पाणी किती राहते ते कळेल आणि जुलैमध्ये रस्ता किती राहतो ते कळेल.

शिवाय पाण्याकाठचे घर जे पाणी बाहेर सोडते ते जाते कुठे? उतारावर बांधलेल्या बंगल्याची शौचालयाची टाकी गळकी असेल, शोषखड्डा नावापुरता असेल, तर ती घाण अखेर त्याच जलाशयात उतरते. पानशेतच्या काठी घर घेणारा पुणेकर आणि पवनेच्या काठी घर घेणारा चिंचवडकर सोमवारी शहरात परतून तेच पाणी पितो. हे लक्षात ठेवले तर टाकीच्या खर्चात काटकसर करायची बुद्धी कुणाला होणार नाही.

आणि हे पाणी किती जिव्हाळ्याचे आहे याची एक कटू आठवण मावळाकडे आहे. पवनेचे पाणी बंद नळाने थेट पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेला शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजना पुढे कित्येक वर्षे अडून राहिली. त्या रस्त्याने आपण शनिवारी सकाळी भजी खायला जातो. जाऊ नये असे नाही. पण आपण पाहुणे आहोत हे तरी ओळखून असावे.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि इथे भाबडेपणा चालत नाही. एजंट आपल्याला बांधावर उभे करून हात पसरतो आणि म्हणतो, “ही बघा, थेट पाण्यापर्यंत आपलीच.” ती तशी नसते. धरणासाठी संपादन झालेली जमीन पाण्याच्या कडेवर संपत नाही, पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेच्याही वर ती असू शकते, आणि ती सरकारची असते. पाणी खाली गेल्यावर उघडी पडलेली जमीन तर कुणाच्याच नावावर करून घेता येत नाही. त्या पट्ट्यात कुंपण घालणे, पायऱ्या बांधणे, नावेसाठी धक्का करणे हे अतिक्रमण होते, मग शेजारच्या दहा जणांनी ते केलेले असो वा नसो.

त्याच्या वरची जमीन बहुधा शेतजमीन असते. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या आजोबांची शेती होती, पण ती केव्हाच गेली. सातबाऱ्यावर आम्हा कुणाचे नाव नाही, तेव्हा आम्ही शेतकरी नव्हे. धाकट्याचे तर आणखीच अवघड. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला इथे फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन किंवा फार्महाऊस सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. ही गोष्ट त्याला कळली तेव्हा तो फोनवर थोडा वेळ काही बोललाच नाही. ज्याला ‘आपली’ म्हणायला जागा हवी होती, नेमके त्याचेच नाव खरेदीखतात येणार नव्हते.

यावर एजंटांकडे तोडगे तयार असतात. एकराचा तुकडा दहा जणांना मिळून विकायचा, सातबाऱ्यावर दहांची नावे सामाईक लावायची, आणि आपसांत चुन्याची फक्की टाकून ‘तुमचा हा, त्यांचा तो’ असे प्लॉट पाडायचे. किंवा नुसते साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून ताबा द्यायचा. “सगळे असंच करतात, मॅडम,” हे वाक्य मी वर्षभरात इतक्यांदा ऐकले की ते आता मला पाठ झाले आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यात आणि अकृषिक परवानगीच्या नियमांत अलीकडे पुष्कळ सवलती आल्या, हे खरे. पण सवलत कुठल्या जागेला लागू आहे हे एजंटाच्या तोंडून नव्हे, वकिलाच्या सहीने कळले पाहिजे.

म्हणून कागद पाहावेत. सातबारा आता घरबसल्या मिळतो, पण नुसते मालकाचे नाव वाचून तो मिटू नये. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. तिथे कुळाचे नाव असते, बँकेचा बोजा असतो, बहिणींचे हक्क असतात, पुनर्वसनाचा शेरा असतो. भोगवटादार ‘वर्ग २’ असेल तर सरकारच्या परवानगीविना ती जमीन हस्तांतरित होत नाही. मागचे फेरफार काढावेत. सरकारी मोजणी करून घ्यावी. घरापर्यंतचा रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या भलेपणावर चालतो, हे पाहावे. मोठ्या प्रकल्पातला प्लॉट असेल तर महारेराकडे नोंदणी आहे का ते तपासावे. आणि मोठ्या नावाला भुलू नये. वरसगावच्या पाण्याकाठी लवासा उभे राहिले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवायला सांगितले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि ज्यांनी पैसे भरले होते ते वाट पाहत राहिले.

आता तिसरा प्रश्न: घर कुणाकुणाचे? कागद निर्वेध मिळाले, तरी खरी कसोटी इथे आहे. ‘सगळ्यांचं’ हा शब्द उच्चारायला गोड आहे. पण जे सगळ्यांचे असते त्याचे गळके छप्पर कुणाचे असते? वाड्याच्या काळात हे काम एका घरातला कुणी काका करायचा. तो तिथेच राहायचा, कौले शाकारायचा, आणि मे महिन्यात येणाऱ्या भावंडांची बोलणीही खायचा. आता तो काका आपल्यात कुणी नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने बंद असलेल्या घरात भिंतींना शेवाळ, गाद्यांना बुरशी, चौकटींना वाळवी, आणि मीटरच्या पेटीत पाली असतात. दसऱ्याला आपण हौसेने जातो ते सुट्टी घालवायला नव्हे, साफसफाईला.

पैशांचा हिशेबही मांडून पाहावा. समजा, सर्व धरून साठ लाखांना घर पडले. तेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला चार लाख वीस हजार मिळाले असते. राखणदाराला महिना दहा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख वीस हजार. वीज, घरपट्टी, रंग, डागडुजी मिळून साठ हजार. झाले सहा लाख. वर्षातून पंधरा दिवस गेलो, तर एका दिवसाचे चाळीस हजार रुपये पडले. साठ दिवस गेलो तर दहा हजार. जागेची किंमत वाढते, असे दादा म्हणतो. वाढते, कबूल. पण ती वाढ हाती यायला घर विकावे लागते, आणि आपण घेतो आहोत ते तर न विकण्यासाठी. तेव्हा हे घर महाग की स्वस्त, हे एजंट ठरवत नाही. आपण किती दिवस तिथे जाणार, यावर ते ठरते. प्रत्येक कुटुंबाने मागच्या तीन वर्षांची कॅलेंडरे काढावीत आणि सगळे मिळून एकत्र किती दिवस होतो ते मोजावे. आम्ही मोजले. तीन वर्षांत अकरा दिवस. त्यांतले चार दवाखान्यात.

तरीही घ्यायचेच ठरले, तर भावंडांनी आपसांत लेखी करार करावा. यात अविश्वास काही नाही. उलट विश्वास टिकावा म्हणूनच तो करायचा. दिवाळी कुणाची, मे महिना कुणाचा, मित्रमंडळींना चावी द्यायची का, भाड्याने द्यायचे का, खर्च सारखा की वापराप्रमाणे, हे लिहून ठेवावे. एकाला आपला वाटा काढून घ्यायचा झाला तर किंमत कशी ठरवायची आणि पहिला हक्क कुणाचा, हेही लिहावे. सगळ्यांत मुख्य म्हणजे आपल्यामागे काय. आज आम्ही तिघे आहोत. उद्या आमची सहा मुले. ती तीन शहरांत आणि दोन देशांत असतील, एकमेकांना लग्नकार्यात भेटतील आणि एका घराची सामाईक मालक असतील. साताऱ्याच्या घराला शेवटी अकरा वारस होते. सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता चार वर्षे गेली, आणि दोन चुलतभावांचे बोलणे तेवढ्यात तुटले. तेच पैसे घेऊन तीच कहाणी पुन्हा मांडायची असेल, तर निदान डोळे उघडे ठेवून मांडावी.

चौथा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो घरोघरी सर्वांत शेवटी विचारला जातो. किंबहुना विचारलाच जात नाही. सुट्टीच्या घरात सुट्टी कुणाला? माझ्या मैत्रिणींपैकी दोघींची अशी घरे आहेत. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर त्या पोहे, रवा, तेल, कांदेबटाटे, पांघरुणे आणि फिनेलची बाटली गाडीत भरतात. पोचल्यावर आधी केरवारा, मग चहा, मग बारा माणसांचा स्वयंपाक. पुरुषमंडळी व्हरांड्यात पाण्याकडे बघत बसतात. रविवारी दुपारी भांडी घासून, गाद्या गुंडाळून, गॅस बंद करून परत. “दोन स्वयंपाकघरं सांभाळते मी, दुसऱ्यातून फक्त पाणी दिसतं,” असे त्यांच्यातली एक मला म्हणाली. माझ्या वहिनीने हे ऐकले आणि इतके दिवस गप्प असलेली ती पहिल्यांदा बोलली: “मला कुणी विचारलंच नाही अजून.” खरेच विचारले नव्हते. घराची चर्चा तीन भावंडांत चालली होती, आणि ते चालवण्याचे गृहीत मात्र दोन सुनांवर धरले होते.

आणखी एक माणूस या हिशेबात येतो, तो म्हणजे राखणदार. एका टुमदार बंगल्याचे फाटक आम्हाला एका पन्नाशीच्या गृहस्थाने उघडून दिले. बोलता बोलता म्हणाले, “हे शेत आमचंच हुतं. आता चावी आमच्याकडं असती.” मालक वर्षातून किती वेळा येतात, असे मी विचारले. “गणपतीत आलते,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “गेल्या सालच्या.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मिळालेल्या पैशांतून त्यांनी मुलीचे लग्न केले, मुलाला टेम्पो घेऊन दिला. पण भाताचे खाचर होते तिथे आता लॉन आहे, आणि वर्षातले साडेतीनशे दिवस त्यावर कुणी बसत नाही. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मला करायचा नाही. मात्र ज्याच्या जमिनीवर आपण ‘शांतता’ विकत घेतो, त्याला निदान वेळेवर आणि पुरेसा पगार द्यावा. त्याच्या घरातल्या आजारपणाची चौकशी करावी. आणि गावच्या देवळाची वर्गणी देताना घासाघीस करू नये.

एवढे सगळे लिहिल्यावर वाचक विचारतील, मग तुमचे मत काय? घ्यायचे की नाही?

माझे मत असे. ज्या कुटुंबातला कुणीतरी तिथे खरोखर जाऊन राहणार आहे, निवृत्त जोडपे असेल, घरून काम करणारा मुलगा असेल, त्याने जरूर घ्यावे. पाण्याच्या अगदी कडेला नको. थोडे वर, गावठाणात किंवा रीतसर अकृषिक झालेल्या जागेत, रस्त्याजवळ. त्याला गावात शेजारी मिळतील आणि गावाला एक माणूस मिळेल. ज्यांच्यातले कुणीच राहणार नाही, त्यांनी मालकीचा सोस सोडावा आणि भाड्याने राहावे. पवनेच्या, पानशेतच्या, भंडारदऱ्याच्या आसपास गावच्याच लोकांनी खोल्या आणि छोटी घरे तयार केली आहेत. राज्याचे कृषी पर्यटनाचे धोरण २०२० पासून आहे. तिथे राहिले तर पैसा सरळ त्या घरात जातो, चुलीवरची भाकरी कुणी दुसरे भाजते आणि तिचे दाम तिला मिळते. छप्पर गळले तर ती आपली काळजी नसते. पाणी तेच, डोंगर तेच. तुंग आणि तिकोना दोन्ही किल्ले मालकाला आणि भाडेकरूला सारखेच दिसतात.

भावंडांना मी असे सुचवले आहे: दोन वर्षे भाड्याने राहून पाहू. मे महिन्यात आठ दिवस, दिवाळीनंतर चार, आणि अधूनमधून शनिवार-रविवार. वहीत दिवस मांडू. दोन वर्षांत आपण साठ दिवस एकत्र काढले, आणि त्यातले निम्मे सगळ्यांना आवडले, तर घर घेऊ. मी स्वतः पुढाकार घेईन, कागदपत्रांचे सगळे बघेन. नाहीच जमले, तर आपल्याला घराची गरज नव्हती, एकमेकांसाठी रजा काढण्याची होती, एवढे तरी कळेल. आणि साताऱ्याचे पैसे तोवर आईच्या औषधपाण्याला आहेतच.

यावर दादाने विचारले ते मात्र खरे होते. “आई एक्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षं थांबायला वेळ आहे का आपल्याकडं?”

वेळ नाही, म्हणूनच तर. आज बयाणा दिला तरी खरेदीखत, परवानग्या आणि बांधकाम होऊन घरात दिवा लागायला तेवढीच वर्षे जातील, आणि त्यांतले सगळे रविवार गवंड्याच्या मागे फिरण्यात जातील. भाड्याचे घर पुढच्या आठवड्यात मिळते. आईला आम्ही शेवटी विचारले, तुझे काय म्हणणे? तिने दोनच गोष्टी विचारल्या. तिथून दवाखाना किती लांब आहे, आणि संडास कमोडचा आहे का. कामशेत किंवा तळेगाव गाठावे लागेल, असे मी सांगितले. ती म्हणाली, “मग पवनानगरच्या बाजारापाशीच बघा. पाणी लांबून दिसलं तरी चालेल मला.”

नाताळात धाकटा मुलांना घेऊन येतो आहे. तीन खोल्यांचे एक घर मी पाहून ठेवले आहे, बाजारापासून पाच मिनिटांवर. घरच्या बाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून देतात, आणि कमोड आहे. वहिनीला विचारले. तिने तारखा कळवल्या आहेत.